छोटे देश टिकतात कसे? नाशिकरोडच्या रविवारच्या वर्गातले नेहमीचे प्रश्न

नाशिकरोडला दर रविवारी सकाळी आमचा एक छोटा वर्ग भरतो. निम्मी मुलं राज्यसेवेची तयारी करणारी. उरलेले इथल्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका लोक, जे चहा आणि वाद या दोनच गोष्टींसाठी येतात (हे त्यांचंच म्हणणं). यंदाचा विषय होता छोट्या देशांचा राजकीय इतिहास. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रम प्रश्न आले तसाच ठेवला आहे.

सर, छोटा देश म्हणजे नेमका किती छोटा?

ठरलेली व्याख्या नाही. मी आपला नाशिक जिल्हाच माप म्हणून वापरतो. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५,५३० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६१ लाख. पूर्व तिमोर हा अख्खा देश साधारण आपल्या जिल्ह्याएवढा. सिंगापूर साडेसातशे चौरस किलोमीटरही भरत नाही. एस्टोनियात जेवढी माणसं राहतात, त्याहून जास्त २०११ मध्येच नाशिक शहरात होती. आणि नाऊरू? २१ चौरस किलोमीटर, बारा हजारांच्या आसपास वस्ती. सिंहस्थात रामकुंडावर तासाभरात याहून जास्त लोक डुबकी मारून जातात.

पण नकाशावरचं माप फसवतं. फिनलंड क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे, तरी या वर्गात आम्ही त्याला छोटाच धरतो. १९३९ साली त्याची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत होती आणि शेजारी होता सोव्हिएत संघ. शेजारी कोण, यावर बरंचसं ठरतं.

देश व्हायला कायद्याने काय लागतं?

१९३३ चा माँटेव्हिडिओ करार चार गोष्टी सांगतो: कायमची लोकसंख्या, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. पेपरात एवढं लिहा, मार्क मिळतील.

प्रत्यक्षात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे तुम्हाला देश म्हणणारं कुणीतरी. लिथुआनियाने ११ मार्च १९९० ला सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा मोठ्या राष्ट्रांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह अडचणीत यायला नको होते. मॉस्कोने तेल अडवलं, जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्नियसला रणगाडे घातले. पुढच्याच महिन्यात मान्यता दिली ती आइसलँडने. स्वतःचं सैन्य नसलेला, १९४४ साली डेन्मार्कच्या राजापासून पूर्णपणे मोकळा झालेला देश. गल्लीतल्या सगळ्यात किरकोळ पोराने सगळ्यात आधी साक्षीला उभं राहावं, तसं ते झालं.

याची दुसरी बाजूही बघा. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे तिन्ही बाल्टिक देश गिळले, पण अमेरिकेने तो ताबा कधीच मान्य केला नाही. लिथुआनिया आणि लाटव्हियाच्या वकिलाती वॉशिंग्टनमध्ये, एस्टोनियाची न्यूयॉर्कमध्ये, पन्नास वर्षं चालू राहिल्या. मागे देश नाही, पण दारावर पाटी आहे. १९९१ मध्ये म्हणूनच त्यांना 'आम्ही नवे देश नाही, जुनेच परत आलो आहोत' असं म्हणता आलं. ही पाटी किती कामाची होती, ते पुढे येतंच आहे.

तुम्ही दर वेळी नोटांवर का येता?

कारण मी प्रेसवाल्याचा मुलगा आहे. वडील करन्सी नोट प्रेसमध्ये होते आणि आमच्या घरात देशांची ओळख झेंड्यांवरून नव्हे, नोटांवरून व्हायची.

वर्गात येणाऱ्या एका काकांकडे अल्बम आहे. त्यात प्लास्टिकच्या कप्प्यात एक लाल दहाची नोट. दिसायला आपल्या त्या काळच्या दहाच्या नोटेसारखीच, वर रिझर्व्ह बँकेचं नाव, पण रंग वेगळा आणि नंबराच्या आधी इंग्रजी झेड. (काकांनी ती प्रेसमधून आणलेली नाही, हे ते आधी सांगतात. तिथून कागदाचा कपटाही बाहेर नेता येत नसे. निवृत्तीनंतर नाण्यांच्या प्रदर्शनात विकत घेतली.) ही नोट भारतात चालायची नाही. ती होती आखातासाठी.

झालं असं की कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान या सगळ्या पट्ट्यात पूर्वी आपलाच रुपया चालायचा. आखातातून भारतात चोरून सोनं यायचं, त्याच्या बदल्यात रुपये तिकडे जायचे आणि ते रुपये परत भारताकडे देऊन पौंड मागितले जायचे. परकीय चलनाला पडलेलं हे भोक बुजवायला १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. त्या काळी भारताच्या नोटा छापल्या जायच्या त्या इथेच, नाशिकरोडला.

आता या लाल नोटेवरून एकेक देश कसा सुटत गेला, ते बघा. कुवेतने एप्रिल १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला आणि १९ जूनला ब्रिटिशांचं संरक्षण संपवून स्वतंत्र झाला. म्हणजे नोट आधी, स्वातंत्र्य नंतर. आठवडाभरात इराकचा सत्ताधीश कासिम याने 'कुवेत आमचाच' असा दावा ठोकला आणि ज्यांना नुकताच निरोप दिला त्याच ब्रिटिशांना सैन्य घेऊन परत बोलवावं लागलं. बहारीनचा दिनार १९६५ मध्ये आला. मग ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. आखातातल्या व्यापाऱ्याची काही चूक नाही, पण त्याची तिजोरी रातोरात हलकी. कतार आणि दुबईने त्याच वर्षी आपला रियाल काढला. ओमान १९७० पर्यंत रेंगाळला.

पुढे १९६८ मध्ये ब्रिटिशांनी जाहीर केलं की १९७१ अखेर आम्ही आखात सोडतो. नऊ अमिरातींचा एक संघ करायचं घाटत होतं. बहारीन आणि कतार बाहेर पडले, वेगवेगळे स्वतंत्र झाले. उरलेल्यांपैकी सहा २ डिसेंबर १९७१ ला संयुक्त अरब अमिराती म्हणून एकत्र आले, रास अल खैमा दोन महिन्यांनी सामील झाला. बहारीनवर इराणचा दावा होता. तो सुटला तो १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा माणूस तिथे जाऊन लोकांना 'तुम्हाला काय हवं' असं विचारून आला म्हणून.

मला स्वतःला या कथेत एक गोष्ट खटकते आणि ती मी दर वेळी सांगतो. कुवेत स्थिर झाला, श्रीमंत झाला, पण नागरिकांची यादी करताना वाळवंटातली हजारो कुटुंबं तिच्यात आलीच नाहीत. त्यांना 'बिदून' म्हणतात, म्हणजे 'विना'. कुठल्याच देशाचे नसलेले. स्थैर्य आलं खरं, पण पावती कुणाच्या नावावर फाडली? हा प्रश्न पुढच्या प्रत्येक देशाला विचारायचा.

बाल्टिक देश म्हणे गाणी गाऊन स्वतंत्र झाले. खरं का?

अर्धं खरं. एस्टोनियात १८६९ पासून गायन महोत्सव भरतात. सोव्हिएत काळातही हजारोंनी लोक एका सुरात गायचे. १९८८ च्या उन्हाळ्यात तीच गर्दी रात्ररात्र बंदी असलेली देशभक्तीची गाणी गाऊ लागली. २३ ऑगस्ट १९८९ ला, म्हणजे हिटलर-स्टालिन यांच्या करारानंतर बरोबर ५० वर्षांनी, तालिन ते रिगा ते व्हिल्नियस अशी सहाशेहून जास्त किलोमीटरची मानवी साखळी झाली. सुमारे वीस लाख माणसं हातात हात धरून उभी. समृद्धी महामार्गावर नाशिकपासून नागपूरपर्यंत माणसं उभी केली तर साधारण तेवढी साखळी होईल.

उरलेलं अर्धं कोणी विचारत नाही. जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्नियसच्या टीव्ही मनोऱ्यापाशी १४ जण मारले गेले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धानंतर, जंगलात लपून लढणाऱ्यांची एक अख्खी पिढी संपली. आणि अजून मागे गेलात तर आणखी अवघड गोष्ट सापडते. १९१८ मध्ये लोकशाही म्हणून जन्मलेल्या या देशांत लिथुआनियाची लोकशाही १९२६ च्या बंडात गेली. एस्टोनिया आणि लाटव्हियाची १९३४ मध्ये, तीही निवडून आलेल्या नेत्यांच्याच हातून. 'देश वाचवायला' पक्ष बंद केले, संसद बाजूला ठेवली. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा दारात आल्या तेव्हा 'काय करायचं' हे ठरवायला मूठभर माणसंच उरली होती. आमच्याकडचे काका यावर म्हणतात, लोकशाही असती तरी रणगाडे थांबले नसते. बरोबर आहे. पण शरणागती कुणाला न विचारता झाली, हा सल त्या समाजात राहिला.

आणि पावती? १९९१ नंतर एस्टोनिया आणि लाटव्हियाने नागरिकत्व आपोआप दिलं ते १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. 'जुनाच देश परत आला' या युक्तिवादाचा तो तर्कशुद्ध शेवट होता, ती अमेरिकेतली पाटी इथे कामी आली. मधल्या काळात येऊन स्थायिक झालेले लाखो रशियन भाषक मात्र भाषेची परीक्षा देईपर्यंत कुठल्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत.

(नोटेचं राहिलंच. एस्टोनियाने २० जून १९९२ ला रूबल सोडून आपला क्रोन आणला. आठ क्रोनला एक जर्मन मार्क, असा बांधून.)

फिनलंडसारखं शेजाऱ्याला सांभाळून राहिलं तर काय वाईट?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात साधारण वर्तमानपत्रातली आजची बातमी असते. मी इतिहासापुरतं बोलतो.

फिनलंड आधी लढला, मग सांभाळून राहिला, हा क्रम विसरू नका. ३० नोव्हेंबर १९३९ ला सुरू झालेलं हिवाळी युद्ध १०५ दिवस चाललं. शेवटी देशाचा सुमारे दहावा हिस्सा गेला आणि गमावलेल्या कारेलिया भागातून आलेल्या चार लाखांहून जास्त लोकांना उरलेल्या फिनलंडने घर-जमीन दिली. १९४८ मध्ये मॉस्कोशी मैत्रीचा करार झाला. त्यानंतर चाळीस वर्षं निवडणुका, संसद, बाजार सगळं आपलं. पण परराष्ट्र धोरणात आणि वर्तमानपत्रांत जिभेला लगाम. सोव्हिएत संघाला न आवडणारं पुस्तक छापताना प्रकाशक दोनदा विचार करी. घरातल्या तापट सासऱ्यासमोर जसं सगळे हळू आवाजात बोलतात, तसं. ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड नाटो या पाश्चिमात्य लष्करी आघाडीत गेला आणि तो अध्याय संपला. सल्ला म्हणून 'फिनलंडसारखं वागा' म्हणणारे त्या १०५ दिवसांबद्दल सहसा बोलत नाहीत.

सिंगापूरला स्वातंत्र्य नको होतं का?

हो, निदान तसं नको होतं. सिंगापूर १९६३ मध्ये मलेशियात सामील झालं आणि ९ ऑगस्ट १९६५ ला बाहेर काढलं गेलं. पंतप्रधान ली क्वान यू टीव्हीसमोर रडले. कारण साधं होतं: प्यायचं पाणीसुद्धा मलेशियाच्या जोहोरमधून यायचं.

नाशिककरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. दर ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली राहिलं की गंगापूर-दारणातून किती पाणी सोडायचं यावरून इथे मोर्चे, कोर्ट, आणि 'आमचं पाणी' अशी घोषणाबाजी. आता कल्पना करा, मराठवाडा आणि नाशिक हे दोन देश आहेत आणि एकाच्या नळाची तोटी दुसऱ्याच्या हातात आहे.

सिंगापूरने काय केलं? विभक्त होतानाच्या करारात १९६१ आणि १९६२ चे पाणीकरार पाळले जातील अशी हमी लिहून घेतली आणि तो दस्त संयुक्त राष्ट्रांत नोंदवला. १९६२ चा करार २०६१ पर्यंत आहे: रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी, हजार गॅलनला तीन सेन दराने. मलेशिया दर वाढवून मागत राहिला, सिंगापूर कागद दाखवत राहिलं. दरम्यान त्यांनी सांडपाणी शुद्ध करून वापरायला आणि समुद्राचं पाणी गोडं करायला घेतलं. १९६७ मध्ये सक्तीची सैनिकी सेवा आली. विरोधी पक्ष आणि वर्तमानपत्रं यांना मात्र जागा फार थोडी ठेवली, खटला न चालवता वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलेली माणसं तिथेही आहेत. सिंगापूरच्या स्वच्छ रस्त्यांचं कौतुक करणाऱ्यांनी एवढं जोडून सांगावं, ही माझी विनंती.

भूतान वाचला, मग सिक्कीम का नाही?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो, कारण इथे मोठा शेजारी आपण असतो.

दोघांची सुरुवात वेगळी होती. भारताशी भूतानचा करार १९४९ चा: अंतर्गत कारभारात हस्तक्षेप नाही, परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला. सिक्कीम मात्र १९५० च्या कराराने थेट संरक्षित राज्य झालं. सिक्कीममध्ये नेपाळी वंशाचे लोक बहुसंख्य, पण राज्यमंडळात त्यांना संख्येच्या मानाने जागा कमी. चोग्याल, म्हणजे राजे, पाल्देन थोंडुप नामग्याल स्वतंत्र ओळखीसाठी धडपडत होते, पण स्वतःच्याच प्रजेतल्या मोठ्या गटाला त्यांनी जवळ केलं नाही. १९७३ मध्ये आंदोलन पेटलं, भारताने कारभार हातात घेतला. १४ एप्रिल १९७५ च्या जनमतात विलीनीकरणाच्या बाजूने ५९,६३७ आणि विरोधात १,४९६ मतं पडली. १६ मे १९७५ ला सिक्कीम २२ वं राज्य झालं. राजवाड्यावर सैन्य गेल्यानंतर पाच दिवसांत घेतलेलं मतदान किती मोकळं होतं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आमच्या वर्गातही विचारला जातो. विचारावाच.

भूतानने १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळवलं होतं, भारताच्याच पाठिंब्याने. १९७४ मध्ये स्वतःचं नगुल्ट्रम काढलं, रुपयाशी एकास एक बांधलेलं. २००७ मध्ये करारातलं 'सल्ल्याने चालावं' हे कलम गेलं. २००८ मध्ये राजानेच पुढाकार घेऊन राज्यघटना आणि निवडणुका आणल्या. हे सगळं कौतुकास्पदच.

पण सिक्कीमकडे बघून भूतानच्या राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला, तो दक्षिणेतल्या नेपाळी भाषकांना महागात पडला. १९८५ चा नागरिकत्व कायदा, १९८८ ची जनगणना, ठरावीक पोशाखाची सक्ती. आणि १९९० च्या दशकात सुमारे एक लाख लोक नेपाळच्या छावण्यांत. 'आनंदी देश' म्हणताना ही पावती खिशात ठेवा.

मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत ना? तिथे काय झालं?

आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेले, बरेचसे कोकणातले. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

१२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मतदारांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्यविरोधी बाजूला मत दिलेलं होतं, आणि दंगलींमुळे ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं होतं. वर एकच पीक, ऊस. अर्थतज्ज्ञांनी या बेटाच्या नावाने आधीच हात टेकले होते. मॉरिशसने एक युक्ती केली, जी मला फार आवडते. संसदेत ६२ निवडून येतात, आणि आठपर्यंत जागा 'सर्वोत्तम पराभूतांना' दिल्या जातात. ज्या समाजाचे लोक कमी निवडून आले, त्यांच्यातला कमी फरकाने हरलेला उमेदवार आत घ्यायचा. हरलेल्याला घरी न पाठवता खुर्ची द्यायची! १९८२ मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा जिंकल्या, सत्ता शांतपणे बदलली आणि समोरच्या बाकांवर बसायला हेच पराभूत आले. या पद्धतीवर टीकाही आहे: उमेदवाराला आपण कुठल्या समाजाचे ते लिहून द्यावं लागतं.

इथली पावती बेटाबाहेर फाडली गेली. स्वातंत्र्याआधी १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटं तोडून घेतली आणि तिथल्या माणसांना लष्करी तळासाठी हाकललं.

सैन्यच नसलं तर?

कोस्टा रिकाने १९४८ च्या यादवीनंतर सैन्य बरखास्त केलं, १९४९ च्या घटनेत तसं लिहिलं. १९५५ मध्ये निकाराग्वाकडून हल्ला झाला तेव्हा अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने हस्तक्षेप केला. आइसलँड बिनसैन्याचा, पण १९४९ पासून नाटोत. म्हणजे सैन्य असतं, फक्त ते दुसऱ्याचं असतं.

पैसा आला की स्थैर्य येतंच ना?

नाऊरू बघा. १९६८ ला स्वतंत्र, जमिनीत खताला लागणारं फॉस्फेट. सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातल्या पहिल्या काही देशांत. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत, स्वतःची विमानसेवा. खत संपलं, बेटाचा मधला भाग उकरून दातेरी झाला, गुंतवणूक बुडाली, अविश्वास ठरावांनी सरकारं पत्त्यांसारखी पडू लागली. २००४ मध्ये ती इमारत विकली. तोपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या नकोशा निर्वासितांना ठेवून घेण्याचे पैसे हाच मोठा आधार झाला होता. द्राक्षाचा एक हंगाम चांगला गेला म्हणून कर्ज काढून बंगला बांधणारे निफाडकडे भेटतात, त्यांना ही गोष्ट लगेच कळते.

पूर्व तिमोरने अशी वेळ येऊ नये म्हणून २००५ मध्ये तेलाच्या पैशाचा वेगळा निधी केला. तरी २००६ मध्ये सैन्यातल्या भांडणावरून देश पेटलाच.

आपल्या भागात असं कधी होतं का?

होतं. सटाण्याच्या पुढे मुल्हेरला जा. बागलाणचे बागुल राजे तिथे राज्य करायचे. एका बाजूला गुजरातचा सुलतान, दुसरीकडे खानदेशचे फारुकी, खाली निजामशाही, आणि नंतर मोगल. तरी तीनेकशे वर्षं टिकले. साल्हेर-मुल्हेरसारखे किल्ले, सुरतेहून दख्खनेत येणाऱ्या व्यापारी वाटेवरचा ताबा, आणि जो बलवान असेल त्याला खंडणी. आणि हो, नोटवाल्या काकांसाठी: मुल्हेरला टांकसाळ होती, तिथली महमुदी नाणी व्यापारात चालत. १६३८ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने मुल्हेर घेतलं. चार शेजारी होते तोवर बागुल एकाला दुसऱ्याविरुद्ध खेळवू शकत होते. गुजरात आणि खानदेश मोगलांनी आधीच घेतले, निजामशाही १६३६ मध्ये संपली. दोन वर्षांत बागलाणही गेलं.

आणि सुरगाणा?

तेही देशमुखांचं छोटं संस्थान होतं, १९४८ मध्ये विलीन झालं. २०२२ च्या अखेरीस तिथल्या सीमेवरच्या काही गावांनी 'आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या' अशी मागणी केली, तेव्हा वर्गात 'फुटीरतावाद' हा शब्द फार जोरात उच्चारला गेला. त्या गावांचं म्हणणं रस्ता, दवाखाना आणि पाण्याबद्दल होतं. निवेदन वाचून मग शब्द निवडा.

ती लाल नोट बघायला मिळेल का?

मिळेल. काका दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी अल्बम आणतात. चहा आधी पिऊन घ्या, हात पुसून या, आणि कप्प्यातून नोट बाहेर काढायला सांगू नका. ते काढत नाहीत.